जुन्या गाडीत ब्लूटूथ स्पीकर लावून फोन घेणं: कुणाचा अनुभव आहे का?

गोठाफेरी
नमस्कार मंडळी. मी संगमनेर-अकोले पट्ट्यात गुरांची डॉक्टर आहे, खाजगी प्रॅक्टिस. रोजची गाडी ऐंशी ते सव्वाशे किलोमीटर होते. गाडी २०१३ची अल्टो ८००. टेप आहे, पण त्याला ब्लूटूथ नाही.

अडचण फोनची आहे. दूधवाल्या घरांचे फोन वेळ बघून येत नाहीत. "गाय अडलीय", "व्यायल्याला दोन दिवस झाले, वार पडली नाही", "म्हैस फुगलीय, आडवी झालीय". हा शेवटचा फोन आला की मी वाटेतूनच गाडी वळवते. पोटफुगीत अर्धा तास म्हणजे फार झाला. त्यामुळे "गाडी चालवताना फोन बंदच ठेवा" हा सल्ला मला पाळता येत नाही.

आजवर मी फोन मांडीवर ठेवून स्पीकर लावायचे. मागच्या आठवड्यात चंदनापुरी घाटात वळणावर तो घसरला आणि क्लचखाली गेला. गिअर बदलायला पाय दाबला तर पाय खाली जाईना, काहीतरी कडक लागलं. गाडी कडेला घेईपर्यंत हात गार पडले होते. घरी आल्यावर ठरवलं, हे आता बास.

सनव्हायझरला अडकवायचे छोटे ब्लूटूथ स्पीकर मिळतात, त्यांबद्दल विचारायचंय. एसी मी क्वचितच लावते, काचा उघड्या असतात. समोरच्याला माझं बोलणं कळेल का? की टेपच बदलून घेऊ? आणि मुळात हे बरोबर आहे का, तेही मोकळेपणाने सांगा.

ध्वनिवेडा
डॉक्टरताई, माझं काम आवाजाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या डब्यात स्पीकर आणि माइक दोन्ही एकमेकांपासून चार बोटांवर असतात. स्पीकरमधून शेतकऱ्याचा आवाज आला की तो माइकमध्येही शिरणार, आणि शेतकऱ्याला स्वतःचंच बोलणं घुमून ऐकू येणार. ते टाळायला डब्यातलं सर्किट स्पीकरचा आवाज माइकमधून वजा करत राहतं. आवाज मध्यम असेल तर हे छान जमतं. तुम्ही पूर्ण चढवला की वजाबाकी फसते, मग सर्किट सरळ एका बाजूचा आवाज दाबून टाकतं. तुम्ही बोललात की त्यांचं तुटतं, ते बोलले की तुमचं. "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" हे जे होतं, त्यात नेटवर्कइतकाच हा आवाज चढवण्याचा दोष असतो. सत्तर टक्क्यांच्या वर नेऊ नका.

दुसरं म्हणजे वारा. कानाला त्रास होत नाही एवढा वाराही माइकच्या भोकावर आदळला की पलीकडे वादळ ऐकू जातं. फोन आला की उजवी काच वर घ्या, डावी चार बोटं उघडी राहिली तरी चालेल. पुढच्या काचेवर हवा मारणारा पंखा सुरू असेल तर तो बंद करा. तो झोत वर जाऊन थेट व्हायझरवर येतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आणि डब्यावर 'एचडी व्हॉइस' किंवा 'वाइडबँड' लिहिलेलं बघून घ्या. ब्लूटूथवर गाणी एका वाटेने जातात आणि कॉल दुसऱ्या वाटेने. कॉलच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतात, नव्या पद्धतीत १६,०००. जुन्या पद्धतीत स, श, फ ही अक्षरं विरून जातात. 'साठ' आणि 'आठ' यातला फरक उरत नाही. औषधाचा डोस सांगताना हे महत्त्वाचं. अर्थात फोन आणि डबा दोघांनाही ते जमलं पाहिजे.

पायवाट
गाडी बाजूला घ्या. मग बोला. दुसरा उपाय नाही.

कायदेपंडित_नाशिक
कायद्याचं सांगतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक रीतीने वाहन चालवण्यात, हातात धरायचं संपर्काचं साधन वापरणं स्पष्ट शब्दांत आलं. पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर दंड १०,००० पर्यंत जातो. ऑक्टोबर २०२० पासून नियमांत एक सवलत आली: रस्ता बघण्यापुरतं असं साधन वापरता येतं, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होता कामा नये.

शब्द 'हातात धरायचं' असा आहे. व्हायझरवरचा डबा त्यात बसत नाही. पण मांडीवरचा फोन उचलून बघितलात की तो हातातच आला. शिवाय डब्यावर बोलताना कुणाला धडक बसली, तर निष्काळजीपणाचा प्रश्न वेगळा उभा राहतोच. कायद्याने अडवलं नाही म्हणजे सुरक्षित झालं, असं समजू नका.

टेम्सकाठ
इथे इंग्लंडमध्ये हातात फोन दिसला तर २०० पौंड आणि परवान्यावर ६ पॉइंट. नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की परवानाच जातो. माझ्या मुलीला चावी देताना मी एवढं एकच वाक्य बोललो होतो. हँड्सफ्रीला मुभा आहे, पण गाडीवर ताबा नाही असं पोलिसांना दिसलं तर तेव्हाही पकडतात.

मोगरा
तांत्रिक मला कळत नाही, पण डबा घेणाऱ्यांनी घरच्यांना आधी सांगून ठेवा!

गणपतीत पाहुण्यांना स्टेशनवरून घेऊन येत होते. मागे तिघं, पुढे मामंजी. धाकट्या बहिणीचा फोन आला, मी बटण दाबलं, आणि गाडीभर तिचा खणखणीत आवाज: "काय गं, आले का तुझे पाहुणे? जेवूनच जाणार की काय?" मला स्टिअरिंगखाली लपावंसं वाटलं. मागून सर्वांत थोरल्या आत्याबाई म्हणाल्या, "जेवूनच जाणार, आणि उकडीचे मोदक असतील तर मुक्कामही करणार." पुढचा सगळा रस्ता हसण्यात गेला. त्या खरंच चार दिवस राहिल्या आणि मोदकाच्या पाऱ्या त्यांनीच केल्या.

तेव्हापासून आमचं पहिलं वाक्य ठरलेलं: "गाडीत आहे, स्पीकरवर आहे, सोबत अमुक आहेत."

ध्वनिवेडा
मोगरा, आत्याबाईंना नमस्कार सांगा. :)

कळसूबाई
मोगरा यांचा मुद्दा गमतीपलीकडेही खरा आहे. डॉक्टरताईंच्या गाडीत मदतनीस असेल आणि फोनवर कुणी उधारीचं किंवा घरातलं बोलून गेलं तर? आमच्या भागात माणूस डॉक्टरशी जनावराबरोबर बाकीचंही बोलतो.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, तुम्ही अकोल्याच्या आणि मीही अकोल्याचा, फक्त तुमचं अकोले अहिल्यानगर जिल्ह्यात आणि आमचं अकोला वऱ्हाडात. आमच्या अकोल्यातलं ऊन मात्र तुमच्याकडे नाही, म्हणून सांगतो. मी असा डबा व्हायझरला लावून मे महिन्यात दुपारभर गाडी उन्हात ठेवली. बाहेर ४५ होतं. संध्याकाळी बघतो तर डब्याची मागची बाजू फुगून शिवणीतून उघडली होती. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि बंद गाडीत काचेजवळचं तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं. तुमच्याकडे ऊन कमी असलं तरी वैशाखात डबा काढून सीटखाली ठेवत जा. चार्जिंग घरीच करा, रात्री.

जुनीगाडी_नवाटेप
मी टेप बदलण्याच्या बाजूचा. ब्लूटूथवाला साधा टेप बसवला की आवाज गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून येतो. माइक वेगळा, वायरने, आरशाशेजारच्या खांबावर लावायचा. स्पीकर आणि माइक लांब लांब झाले की वर ध्वनिवेडा यांनी सांगितलेली वजाबाकी सोपी होते. बॅटरी फुगायची भीती नाही, चार्ज करायची आठवण नाही, गाडी चालू केली की जोडला गेला. वायरिंग ओळखीच्या माणसाकडून करा. माझ्या पहिल्या टेपची अर्थिंगची वायर नीट नव्हती, तर ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जायची.

लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे एफएमवाले मात्र घेऊ नका. ते तुमचा कॉल एका मोकळ्या एफएम फ्रिक्वेन्सीवर टेपला पाठवतात. पुण्यात मोकळी असलेली फ्रिक्वेन्सी नाशकात मोकळी नसते. ऐन बोलण्यात मध्येच गाणं शिरतं.

दिवेघाट
मला एक लिहायचं होतं, दोन दिवस लिहू की नको करत होतो.

माझ्या गाडीत कंपनीचंच ब्लूटूथ आहे. आवाज उत्तम, हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून राजगुरुनगरला जात होतो. वाटेत बहिणीचा फोन आला. वडिलांचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, हा विषय. बोलत राहिलो. फोन ठेवला तेव्हा समोर मंचरची पाटी होती. राजगुरुनगर कधी मागे पडलं, पत्ता नाही. मधले ट्रक, दुचाक्या, ओलांडणारी माणसं, यातलं एकही मला आठवेना. गाडी मीच चालवत होतो, ब्रेकही मारले असणार. पण मी तिथे नव्हतो.

गाडी कडेला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो. त्या रस्त्यावर एखादं पोर मध्ये आलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं?

संशोधक_काकू
दिवेघाट, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्याबाबतीत जे झालं, ते प्रयोगात जसंच्या तसं दिसलंय.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. चालकांना सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवल्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, बसवलं आणि पुढे एका विश्रांतिस्थळाच्या फाट्याला वळायला सांगितलं. काही जण हँड्सफ्रीवर मित्राशी बोलत होते, काहींचा मित्र शेजारी बसून बोलत होता. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी फाटा चुकवला. शेजारी मित्र असलेल्यांपैकी फार थोड्यांनी. कारण शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. ट्रक आडवा आला की तोही गप्प होतो, "तो बघ फाटा" म्हणतो. फोनवरच्या बहिणीला ट्रक दिसत नाही.

याच गटाने आधी, २००३ मध्ये, चालकांची नजर नेमकी कुठे पडते तेही मोजलं होतं. हँड्सफ्रीवर बोलणाऱ्यांनी ज्या पाट्यांकडे प्रत्यक्ष पाहिलं, त्यासुद्धा त्यांना नंतर कमी ओळखता आल्या. डोळे पाटीवर गेले, मन गेलं नाही.

आणि सर्वांत जुना म्हणजे १९९७ सालचा टोरांटोचा अभ्यास, रेडेलमायर आणि टिबशिरानी यांचा. अपघात झालेल्या, मोबाइल असलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि हँड्सफ्रीवाल्यांना त्यातून काही सुटका मिळालेली दिसली नाही.

म्हणून पायवाट यांचं एका ओळीचं उत्तर मला सर्वांत बरोबर वाटतं.

लालपरी
काकू, तुमचं सगळं मान्य, पण दुसरी बाजू मांडते. माझे वडील एसटीत चालक होते. ते म्हणायचे, फोन नव्हता तेव्हाही मन भरकटायचंच, घरचं आजारपण डोक्यात घेऊन माणूस स्टिअरिंगवर बसतोच. डॉक्टरताईंना फोन घेता आला नाही आणि म्हैस गेली, तर त्या घराचं दोन वेळचं दूध गेलं. हे नुकसान कुठल्याच अभ्यासात मोजलेलं नसतं.

संशोधक_काकू
लालपरी, म्हैस महत्त्वाची नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण ताईच रस्त्यात आडव्या झाल्या तर त्या दिवसाच्या सगळ्याच म्हशी गेल्या ना? वडिलांचं म्हणणं मात्र खरं आहे. तेवढ्यासाठीच म्हणते, वरून आणखी एक ओझं नको.

पायवाट
बाजूला गाडी घ्यायला दोन मिनिटं लागतात. मी रुग्णवाहिका चालवतो. मलाही घाई असते.

गोठाफेरी
पायवाट, तुम्ही रुग्णवाहिका चालवता हे वाचून तुमची पहिली ओळ पुन्हा वाचली. दिवेघाट, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. यजमान काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "डबा घे, पण आधी ठरव त्याच्यावर काय बोलायचं."

महिन्याभराने कळवते.

तांब्याभांडं
धागा तापलाय, म्हणून थोडं अवांतर. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजावरून आलंय, हाराल्ड ब्लूटूथ. त्याने डेन्मार्कमधल्या टोळ्या एकत्र आणल्या, तसं हे तंत्र वेगवेगळी यंत्रं एकत्र आणतं अशी कल्पना. ते निळं चिन्ह म्हणजे त्याच्या नावातली दोन अक्षरं, रून या तिकडच्या जुन्या लिपीतली, एकमेकांत गुंफलेली आहेत. एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी १९९८ मध्ये याचा गट स्थापला.

मोगरा
म्हणजे माझ्या बहिणीचा आवाज आत्याबाईंपर्यंत एका राजाने पोहोचवला!

गोठाफेरी
सांगितल्याप्रमाणे आले. महिना नाही, पाच आठवडे झाले.

टेप बदलायचा विचार होता, पण ही गाडी दोन वर्षांत काढायची आहे, म्हणून व्हायझरचाच डबा घेतला. एचडी व्हॉइसवाला. साठ आणि आठ आता वेगळे ऐकू येतात. वऱ्हाडी ठेचा, तुमची आठवण ठेवून तो दुपारी सीटखाली कापडात असतो.

वापराची पद्धत अशी बसवलीय. फोन आला की बटण दाबते आणि तीनच प्रश्न विचारते: गाव कुठलं, जनावर उभं आहे की पडलंय, कधीपासून. मग "गाडी थांबवून फोन करते" म्हणून ठेवते. वीस सेकंद लागतात. पहिल्या आठवड्यात लोकांना राग आला. एक आजोबा म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आमचं ऐकूनच घेत नाही." त्यांच्या गोठ्यात गेले तेव्हा शांतपणे सांगितलं का ते. आता तेच शेजाऱ्यांना सांगतात, "बाईंना गाडीत जास्त बोलायचं नाही."

मागच्या मंगळवारी राजूरच्या वाटेवर फोन आला, म्हैस फुगली, उभी आहे, तासाभरापासून. नेटवर्क जाणार हे माहीत होतं, म्हणून आहे तिथेच एका मोकळ्या जागेत गाडी लावली. तिथून सगळं नीट सांगता आलं: पुढचे पाय चढावर येतील अशी उभी करा, चालती ठेवा, आणि आडवी झाली तर तोंडातून काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. हे बोलायला चार मिनिटं लागली. चालवता चालवता मी हे सांगितलं असतं तर निम्मं राहून गेलं असतं, हे मला तिथे थांबल्यावर कळलं. पोहोचले तेव्हा म्हैस अंगणातल्या उतारावर तोंड वर करून उभी होती आणि घरातली पोरगी तिची वेसण धरून बसली होती. नळी घातली, वायू सुटला. म्हैस वाचली.

काकू, तुमच्या अभ्यासाचं मी विसरलेले नाही. ती वीस सेकंदंही धोक्याचीच आहेत. घाटात मी बटण दाबतच नाही, वाजू देते.

संशोधक_काकू
घाटात वाजू देते, हे वाचून बरं वाटलं. एक भर घालते. २०१५ साली अमेरिकेत 'ट्रिपल ए' या तिथल्या वाहनचालकांच्या संघटनेच्या संस्थेसाठी केलेल्या चाचणीत दिसलं की काही गाड्यांमध्ये आवाजी आज्ञा देऊन झाल्यावरही चालकाचं लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागतात. ताशी ६० ने तेवढ्यात गाडी साडेचारशे मीटर जाते. तेव्हा फोन ठेवल्यावरही थोडा वेळ वेग कमी ठेवा.

दिवेघाट
ताई, आनंद झाला. मी बहिणीला सांगून ठेवलंय, गाडीत असेन तर फक्त "पोचल्यावर कर" एवढंच बोलायचं. वडील बरे आहेत.

कळसूबाई
एक शंका. मीही तसाच डबा घेतलाय. गाडी दारात लावून मी घरात येते, कुणाचा फोन आला की घेते, आणि काहीच ऐकू येत नाही. डबा खराब आहे का?

ध्वनिवेडा
खराब नाही. ब्लूटूथची पोच साधारण दहा मीटर. गाडी दाराशी असेल तर फोन अजून डब्यालाच जोडलेला राहतो आणि बोलणं रिकाम्या गाडीत वाजतं. कॉल आल्यावर फोनच्या पडद्यावर स्पीकरच्या चिन्हावर दाबून 'फोन' निवडा, नाहीतर उतरताना डबा बंद करा.

गोठाफेरी
माझंही पहिले चार दिवस हेच झालं. मी गोठ्यात हात धुतेय, आणि माझ्या गाडीतून कुणीतरी ओरडतंय, "बाई, ऐकताय ना?" आता दार लावायच्या आधी बटण तीन सेकंद दाबून ठेवते. बंद होताना तो दोनदा टुंग करतो. तो ऐकल्याशिवाय किल्ली काढत नाही.